विश्लेषण : रूट कॅनॉलनंतर दाढ ठणकते ती का? दातातले ‘सिंचन’ बदलले तर दुखणे कमी होते का?

साताऱ्यातील खंडाळा, शिरवळ, लोणंद या पट्ट्यात ‘कॅनॉल’ म्हटले की आधी आठवतो तो वीर धरणातून निघून फलटणकडे जाणारा नीरा उजवा कालवा. दातांच्या दवाखान्यात मात्र हाच शब्द ऐकला की माणूस खुर्चीत आवळून बसतो. ‘रूट कॅनॉल करावे लागेल’ या वाक्याची भीती उपचारापेक्षा त्यानंतरच्या रात्रीची जास्त असते. भूल उतरते, दाढ ठणकू लागते आणि ‘नस काढली तरी दुखतेच कसे?’ असा प्रश्न पडतो.

या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्यामुळे काही जण दुसऱ्या बैठकीला जातच नाहीत. काही जण मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेतात. काही जण थेट दाढ उपटून मोकळे होतात. वास्तविक या दुखण्याचा बराच भाग अपेक्षित असतो आणि काही भाग टाळता येण्याजोगा असतो. टाळता येणारा भाग ज्या टप्प्यावर ठरतो, त्याकडे रुग्णाचे लक्ष क्वचितच जाते. तो टप्पा म्हणजे दाताच्या आतला कालवा धुण्याचा. दंतवैद्यकात त्याला ‘इरिगेशन’, म्हणजे शब्दशः सिंचनच म्हणतात.

रूट कॅनॉलमध्ये नेमके काय करतात?

दाताच्या कठीण कवचाखाली मध्यभागी मऊ गर असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. बोलीभाषेत आपण त्यालाच ‘नस’ म्हणतो. हा गर मुळांच्या आत बारीक नळ्यांमधून टोकापर्यंत गेलेला असतो. कीड खोल गेली की जंतू गरापर्यंत पोहोचतात. गर सुजतो आणि पुढे मरतो. मग मुळाच्या टोकाबाहेर, जबड्याच्या हाडात, सूज आणि पू होऊ शकतो.

रूट कॅनॉल उपचारात दाताला वरून छिद्र करून हा खराब गर काढतात. बारीक फायलींनी नळ्या घासून रुंद करतात, औषधी द्रावणाने धुतात, कोरड्या करतात आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने बंद करतात. शेवटी वर पक्के सिमेंट भरतात आणि दाढेवर बहुतेक वेळा कॅप बसवतात. काही वेळा हे एकाच बैठकीत होते, तर काही वेळा दोन-तीन बैठका लागतात.

नस काढली, मग दुखते काय?

दुखते ते दाताच्या आत नव्हे, तर मुळाच्या टोकाबाहेर. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची पातळ गादी असते. तिला स्वतःचे मज्जातंतू असतात. आतला गर काढला तरी ते तिथेच राहतात. ही गादी सुजली की दातावर दात टेकला तरी कळ येते.

ती सुजण्याची मुख्य कारणे तीन. पहिले, फाइल आत-बाहेर करताना घासलेला चुरा, मेलेला गर आणि जंतू टोकाच्या छिद्रातून थोडे बाहेर ढकलले जातात. दुसरे, धुण्याचे द्रावण टोकाबाहेर झिरपते. तिसरे, आत काही जंतू शिल्लक राहतात. यापैकी काहीही झाले की शरीर प्रतिकार करते. त्या जागी रक्तप्रवाह आणि सूज वाढते. हाडाच्या बंद जागेत सूज पसरायला वाव नसतो, म्हणून ठणका जाणवतो.

याखेरीज एक साधे कारणही असते. भरलेले सिमेंट किंचित उंच राहिले, तर प्रत्येक घासाला सगळा भार त्याच दाढेवर येतो. हे दुखणे डॉक्टरकडे जाऊन उंचवटा घासून घेतला की उतरते.

किती जणांना दुखते आणि किती दिवस?

उपलब्ध अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार उपचाराआधी सरासरी ८१ टक्के रुग्णांना वेदना होत्या. उपचारानंतर २४ तासांनी हे प्रमाण ४० टक्क्यांवर आणि सात दिवसांनी ११ टक्क्यांवर आले. वेदनेची तीव्रता शून्य ते १०० या मोजपट्टीवर उपचाराआधी सरासरी ५४ होती. ती एका दिवसात २४ आणि आठवड्याने पाचवर आली.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. रूट कॅनॉलमुळे एकूण दुखणे वाढत नाही, ते वेगाने कमी होते. पण दुसऱ्या दिवशीही दर दहापैकी चार जणांना काही ना काही वेदना असतात. त्यामुळे पहिल्या एक-दोन रात्री दाढ दुखली म्हणजे उपचार फसला, असे नाही.

कोणाला जास्त दुखेल, याचा सर्वांत भरवशाचा अंदाज एकाच गोष्टीवरून येतो. उपचाराआधी ज्याची दाढ जास्त ठणकत होती, त्याला नंतरही जास्त दुखण्याची शक्यता असते. म्हणूनच ‘सहन होईल तोवर बघू’ हा हिशेब महागात पडतो.

फाइल फिरवली, मग धुवायचे कशाला?

कारण फाइल सगळीकडे पोहोचत नाही. दाताचा कालवा पुस्तकातल्या चित्रासारखा गोल आणि सरळ नसतो. तो कुठे चपटा, कुठे वाकलेला असतो. दोन नळ्यांना जोडणाऱ्या फटी असतात, बाजूला फुटलेल्या उपशाखा असतात आणि टोकाजवळ तर अनेकदा त्रिभुज प्रदेशासारखे फाटे असतात. झ्युरिकच्या संशोधकांनी २००१ मध्ये सूक्ष्म सीटी स्कॅनने उपचाराआधीचे आणि नंतरचे दात तपासले. कोणत्याही प्रकारची फाइल वापरली तरी कालव्याच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग फाइलच्या स्पर्शाविनाच राहिला होता.

तिथला मेलेला गर आणि जंतू काढण्याचे काम द्रावणाचे. त्यासाठी जगभर सर्वाधिक वापरले जाते ते सोडियम हायपोक्लोराइट. कपड्यांच्या ब्लीचमधला मूळ घटकही हाच. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या सुमारास, रसायनतज्ज्ञ हेन्री डेकिन आणि शल्यचिकित्सक ॲलेक्सिस कॅरेल यांनी सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी त्याचे अर्धा टक्का तीव्रतेचे द्रावण रूढ केले. पुढे दातांच्या कालव्यासाठीही त्याचा वापर सुरू झाला. ते जंतू मारते आणि मेलेला गर विरघळवते. दोन्ही कामे एकत्र करणारे दुसरे द्रावण अजून तरी त्याची जागा घेऊ शकलेले नाही.

घासताना भिंतीवर दाताच्या चुऱ्याचा जो लेप बसतो, तो मात्र हायपोक्लोराइटने निघत नाही. त्यासाठी साधारण १७ टक्के तीव्रतेचे ईडीटीए वापरतात. ते लेपातले कॅल्शियम बांधून घेते. काही डॉक्टर शेवटी क्लोरहेक्सिडिनही वापरतात. पण ते आणि हायपोक्लोराइट थेट एकत्र आले तर तपकिरी साका तयार होतो. म्हणून मध्ये सलाइन वगैरेने धुऊन कालवा कोरडा करावा लागतो.

साधी पिचकारी कुठे कमी पडते?

बहुतांश दवाखान्यांत हे द्रावण सिरिंज आणि बारीक सुईने सोडले जाते. ही पद्धत चुकीची नाही. तिला मर्यादा मात्र आहेत आणि त्या शेतकऱ्याला चटकन समजतील.

ठिबकच्या नळ्या चोंदल्या की आपण लॅटरलच्या टोकाची गुंडी काढतो आणि जोराने पाणी सोडतो. गाळ शेवटच्या टोकातून बाहेर पडतो. दातात असे करता येत नाही. तिथले टोक उघडायचे नसते, कारण त्यापलीकडे जिवंत ऊती आणि हाड असते. म्हणजे एका तोंडाने पाणी सोडायचे आणि गाळ त्याच तोंडाने परत आणायचा.

त्यात आणखी एक अडचण. बंद नळीच्या तळाशी हवेचा बुडबुडा अडकतो. त्याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये ही हवा बसली की द्रावण तिथे पोहोचतच नाही. नेमका तोच भाग सर्वांत महत्त्वाचा असतो. बाजूला छिद्र असलेल्या सुईतून सोडलेले द्रावण सुईच्या टोकापुढे साधारण एक-दीड मिलिमीटरपर्यंतच प्रभावीपणे बदलते. सुई फार वर राहिली तर तळ धुतला जात नाही.

मग सुई खोल घालून जोरात दाबली तर? तो तर खरा धोका. सुई नळीत घट्ट अडकली आणि दाब दिला, तर हायपोक्लोराइट टोकातून बाहेर फेकले जाऊ शकते. तसे झाले तर त्या क्षणी असह्य कळ येते, गाल काही मिनिटांत सुजतो आणि नंतर काळानिळा पडतो. असे अपघात विरळ असतात, पण गंभीर असतात. इतका मोठा अपघात झाला नाही, तरी थोडेसे द्रावण किंवा चुरा बाहेर गेला की रात्रीचा ठणका ठरलेला.

म्हणजे धुण्याचे गणित असे आहे : शेवटच्या टोकापर्यंत पोहोचायचे, पण त्यापलीकडे जायचे नाही. नव्या पद्धतींचा सगळा खटाटोप याच एका वाक्यासाठी आहे.

नव्या पद्धती कोणत्या?

हाताने हलवणे : कालव्यात नीट बसणारी गटापर्चाची काडी द्रावणात दोन-तीन मिलिमीटर वर-खाली हलवतात. त्याने तळाचा हवेचा बुडबुडा फुटतो आणि द्रावण फिरते. यंत्र लागत नाही.

सोनिक : प्लास्टिकची लवचीक टोकदार काडी बॅटरीवर चालणाऱ्या हँडलला लावतात. ती मिनिटाला काही हजार वेळा थरथरते. काडी प्लास्टिकची असल्याने भिंत कापली जात नाही.

अल्ट्रासोनिक : धातूची बारीक काडी सेकंदाला सुमारे २५ ते ३० हजार वेळा कंप पावते. तिच्याभोवती द्रावणाचे छोटे भोवरे तयार होतात आणि फटींमधला गाळ सुटतो. सहसा २० सेकंदांच्या तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी ताजे द्रावण, अशी ती वापरतात. अनेक दवाखान्यांत दातांवरचा थर काढण्यासाठी अल्ट्रासोनिक यंत्र आधीच असते. त्याला वेगळे टोक लावून हे काम करता येते.

उलट्या दाबाची पद्धत : यात द्रावण वर, दाताच्या तोंडाशी सोडतात आणि तळाशी ठेवलेल्या अतिसूक्ष्म नळीने ते ओढून घेतात. विहिरीत वरून पाणी सोडायचे आणि तळातून पंपाने उपसायचे, तसे. दाब बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढणारा असल्याने द्रावण टोकाबाहेर जाण्याचा धोका खूप कमी होतो.

लेसर : लेसरच्या अतिलहान झटक्यांनी द्रावणात लाटा निर्माण करतात. यंत्र महाग असल्याने ही सोय मोजक्याच ठिकाणी आढळते.

पण यांनी दुखणे खरोखर कमी होते का?

पहिल्या दोन दिवसांपुरते बोलायचे तर, बहुतेक अभ्यासांचे उत्तर ‘हो’ असे आहे.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ११० रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटात साधी सुई वापरली, दुसऱ्यात उलट्या दाबाची पद्धत. उपचारानंतर चार, २४ आणि ४८ तासांनी विचारले असता दुसऱ्या गटातील दुखणे लक्षणीय कमी होते. चेन्नईतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ७२ रुग्णांच्या चाचणीत साध्या सुईची तुलना सोनिक यंत्राशी केली. तिथेही पहिल्या ४८ तासांत सोनिक गटाला कमी दुखले.

त्यानंतर अशा अनेक चाचण्या झाल्या. त्या एकत्र मांडणाऱ्या आढाव्यांचा कलही साधारण असाच आहे की द्रावण हलवले तर पहिल्या एक-दोन दिवसांतील वेदना कमी राहतात.

मात्र हे निष्कर्ष सावधपणे वाचायला हवेत. बहुतेक चाचण्या लहान आहेत. वेदना मोजण्याचे यंत्र नाही, रुग्णाने सांगितलेला आकडाच धरावा लागतो. दात, डॉक्टर आणि द्रावण प्रत्येक चाचणीत वेगळे असते. आणि आठवडाभरात दोन्ही गटांतील फरक जवळपास पुसला जातो, कारण तोवर बहुतेकांचे दुखणे थांबलेलेच असते. त्यामुळे ‘आमच्याकडे अमुक यंत्र आहे, अजिबात दुखणार नाही’ या जाहिरातीला आधार नाही. या यंत्रांचा फायदा आहे, पण तो पहिल्या दोन रात्रींपुरता आहे.

द्रावण जितके कडक तितके चांगले?

डॉक्टर हायपोक्लोराइट अर्ध्या टक्क्यापासून सव्वापाच टक्क्यांपर्यंत वेगवेगळ्या तीव्रतेचे वापरतात. तीव्र द्रावण गर लवकर विरघळवते, पण बाहेर झिरपले तर जास्त जाळते.

इजिप्तमध्ये ३०८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर मेलेल्या खालच्या दाढांसाठी १.३ टक्के आणि ५.२५ टक्के अशी दोन द्रावणे वापरली. सौम्य द्रावणाच्या गटाला कमी दुखले. मग सौम्य द्रावणाने जंतू राहून जातात का? हरियाणातील रोहतकच्या दंत संस्थेने २०१९ मध्ये एक आणि पाच टक्के द्रावणांची तुलना करून दात दीर्घकाळात कितपत बरा होतो हे पाहिले. दोन्ही गटांतील फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा नव्हता.

यावरून सर्वांसाठी एकच तीव्रता ठरत नाही. पण कमी तीव्रतेचे ताजे द्रावण भरपूर वापरणे आणि ते नीट फिरवणे, हा पर्याय कडक द्रावणाच्या तोडीचा ठरू शकतो, एवढे दिसते.

थंड सलाइनचा उपाय काय आहे?

मुका मार लागला की आपण बर्फ लावतो. तेच तत्त्व दाताच्या आत वापरण्याचा प्रयोग गेल्या दहा वर्षांत पुढे आला. कालवा नेहमीप्रमाणे धुऊन झाल्यावर शेवटी सुमारे अडीच अंश सेल्सियसपर्यंत गार केलेले निर्जंतुक सलाइन काही मिनिटे सोडतात. २०१५ मध्ये प्रयोगशाळेतील दातांवर पाहिले असता पाच मिनिटांच्या अशा धुण्याने मुळाच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान दहा अंशांहून जास्त उतरले आणि चार मिनिटे तसेच टिकले. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज कमी होते आणि मज्जातंतूंचा वेग मंदावतो.

त्यानंतर २०१८ मध्ये आधीच तीव्र दुखणे असलेल्या २१० रुग्णांवरील चाचणीत थंड सलाइनच्या गटाला नंतर कमी वेदना झाल्या आणि गोळ्याही कमी लागल्या. या उपायाला महाग यंत्र लागत नाही. फ्रीज, निर्जंतुक सलाइनची बाटली, बारीक सुई आणि डॉक्टरची पाच मिनिटे एवढेच लागते. लहान गावातल्या दवाखान्यासाठी त्याचे मोल म्हणूनच जास्त.

खंडाळ्यासारख्या भागात हा प्रश्न वेगळा का?

खंडाळा तालुका पुणे-बेंगळूरु महामार्गावर, पुणे आणि सातारा यांच्या मध्ये आहे. शिरवळच्या औद्योगिक पट्ट्यात पाळीवर काम करणाऱ्याला दाढेसाठी दोन-तीन खाडे परवडत नाहीत. स्थानिक दवाखान्यात काम झाले नाही, तर एकीकडे पुणे आणि दुसरीकडे खंबाटकी घाट ओलांडून सातारा. खालच्या दाढेची भूल दोन-चार तासांत उतरते. म्हणजे दुपारी उपचार घेऊन निघालेल्या माणसाला ठणका लागतो तेव्हा संध्याकाळ झालेली असते, तो घरी पोहोचलेला असतो आणि दवाखाना बंद झालेला असतो. शहरात गल्लीच्या टोकाला दुसरा डॉक्टर मिळतो, इथे सकाळची वाट पाहावी लागते.

म्हणून इथल्या रुग्णासाठी पहिली रात्र कमी दुखणे ही चैन नाही. त्यावर तो दुसऱ्या बैठकीला येणार की नाही, हे अवलंबून असते. अर्धवट राहिलेले रूट कॅनॉल न केलेल्यापेक्षा बरे नसते. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांत झिजते, लाळेबरोबर जंतू पुन्हा आत जातात आणि शेवटी दाढच जाते.

दुखणे जुने असेल, आधीचे रूट कॅनॉल बिघडले असेल किंवा खर्चाचा प्रश्न असेल, तर दंत महाविद्यालयांचा पर्याय आहे. कराडला कृष्णा विश्व विद्यापीठाचे, सांगलीत भारती विद्यापीठाचे आणि सांगलीजवळ कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो, पण घाई नसते.

खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना काय विचारावे?

हे प्रश्न परीक्षा घेण्यासाठी नाहीत. चांगल्या डॉक्टरला ते विचारलेले आवडतातच.

• दातावर रबर डॅम लावणार का? दाताभोवती ताणलेला हा रबराचा पडदा लाळ आत जाऊ देत नाही आणि द्रावण घशात उतरू देत नाही.

• मुळाची लांबी कशी मोजणार? एक्स-रे किंवा ॲपेक्स लोकेटर यंत्राने लांबी अचूक कळली, तरच फाइल आणि सुई टोकाच्या आत थांबते.

• सुई बाजूला छिद्र असलेली आहे का? साधारण ३० गेजची, टोक बंद आणि बाजूने द्रावण सोडणारी सुई नळीत सैल ठेवून, मुळाच्या टोकापासून एक-दोन मिलिमीटर अलीकडे थांबवली, तर द्रावण बाहेर जाण्याचा धोका कमी होतो.

• द्रावण हलवण्यासाठी काय वापरता? अल्ट्रासोनिक, सोनिक की हाताने, यातले काहीही चालेल. ‘हलवतो’ हे उत्तर महत्त्वाचे.

• रात्री दुखले तर कोणती गोळी, किती वेळा आणि फोन कोणाला?

या यादीतील बहुतेक गोष्टी स्वस्त आहेत. महाग यंत्राने घाईत केलेल्या कामापेक्षा साध्या सुईने, योग्य लांबी मोजून, हळूहळू आणि भरपूर द्रावणाने केलेले काम जास्त भरवशाचे.

घरी गेल्यावर काय करावे, काय टाळावे?

डॉक्टरांनी वेदनाशामक लिहून दिले असेल, तर पहिली गोळी भूल पूर्ण उतरण्याआधी घ्यायची का, हे निघतानाच विचारून घ्यावे. ठणका लागल्यावर तो उतरवण्यापेक्षा आधीच रोखणे सोपे असते. मूत्रपिंडाचा आजार, पोटातला अल्सर, दमा, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते उपचाराआधीच सांगावे. अशा वेळी नेहमीच्या काही वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत.

भूल उतरेपर्यंत खाऊ नये, गाल किंवा जीभ चावली जाते. दोन-तीन दिवस त्या बाजूने भाकरी, चिक्की, सुपारी चावू नये. बाहेरून गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावता येतो.

दुखऱ्या दाढेवर मिश्री किंवा तंबाखू दाबून ठेवण्याची सवय पश्चिम महाराष्ट्रात जुनी आहे. त्याने दाढ बरी होत नाही, हिरडी आणि गालाचे मात्र नुकसान होते. वेदनाशामक गोळी हिरडीवर चुरून ठेवली तर तिथली त्वचा भाजते. गोळी गिळायचीच असते. आणि डॉक्टर दातात हायपोक्लोराइट वापरतात म्हणून घरच्या ब्लीचने चूळ भरण्याचा विचारही करू नये.

परस्पर अँटिबायोटिक घेणे हीदेखील चूक. ठणका सुजेमुळे असेल तर अँटिबायोटिकने तो थांबत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ताप किंवा पसरणारी सूज नसलेल्या आणि अन्यथा निरोगी प्रौढांच्या बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिक देऊ नये, दातावर प्रत्यक्ष उपचार करावा.

कोणते दुखणे नेहमीचे आणि कोणते धोक्याचे?

पहिले दोन-तीन दिवस चावताना दुखणे, बोटाने दाबल्यावर कळ येणे, गोळीने उतरणारा ठणका हे अपेक्षित आहे. ते दररोज थोडे कमी होत गेले पाहिजे.

पुढीलपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना लगेच गाठावे :

• गोळी घेऊनही न थांबणारी किंवा तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारी वेदना

• गाल, जबडा किंवा डोळ्याखाली वाढणारी सूज

• ताप, थंडी

• दात इतरांपेक्षा उंच लागणे

• तात्पुरते सिमेंट निघून जाणे

• उपचार चालू असतानाच अचानक भाजल्यासारखी कळ येणे. तेव्हा लगेच हात वर करून डॉक्टरांना थांबवावे.

तोंड उघडणे, गिळणे किंवा श्वास घेणे कठीण झाले, अथवा सूज गळ्याकडे उतरू लागली, तर दातांच्या दवाखान्याची वेळ पाहत बसू नये. त्याच रात्री जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

शेवटी लक्षात काय ठेवायचे?

ठणका पूर्णपणे टाळण्याची हमी आज कोणतीही पद्धत देत नाही. पण टोकापर्यंत पोहोचणारे, टोकाबाहेर न जाणारे आणि हलवलेले द्रावण पहिल्या दोन दिवसांचे दुखणे कमी करते, याला पुरेसा आधार आहे. उरलेल्या दुखण्यासाठी गोळी आहे आणि ते बहुतेकांचे आठवड्यात जाते. त्या आठवड्यात घाबरून दाढ काढून टाकू नये. दुसऱ्या बैठकीची तारीख पाळावी आणि कॅप बसवायची राहू देऊ नये. कॅप नसलेली दाढ दुखत नसली तरी सुपारीच्या एका खांडाने उभी फुटू शकते आणि मग तिच्यावर केलेला सगळा खर्च वाया जातो.